रेडिओच्या गाडीचं पाणी

तुमची गाडी भर चढावर तापून बंद पडते, तेव्हा तुम्ही शिवी कुणाला घालता? खरं सांगा. गाडीला, रस्त्याला, की परवाच तिला हात लावलेल्या मिस्त्रीला? आमच्या रेडिओनं तिघांनाही घातल्या, मनसोक्त. चौथा माणूस त्याला फार उशिरा सुचला.

रेडिओ म्हणजे आमच्या स्टेशनबाहेरच्या टॅक्सी स्टँडवरचा ड्रायव्हर. खरं नाव लायसन्सवर असेल, हाक मारायला कुणी वापरत नाही. गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसलं की हा सुरू. हवामान, सरकार, गुडघेदुखी, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं. उतरताना माणूस भाडं देतो आणि कानही चोळतो. त्याची बढाई मात्र एकच: "माझी गाडी तोंडाला पाणी लावत नाही. तुमच्या गाड्या बघा, दर आठवड्याला कूलंट ढोसतात. हिचं झाकण मी कधी उघडून पाहिलं नाही." हे तो अभिमानानं सांगायचा. इंजिनाच्या पाण्याकडे कधी पाहिलं नाही, ही अभिमानाची गोष्ट.

मी त्या स्टँडची संघटना बघते. म्हणजे वाहतूक खात्याशी भांडते, पावत्या फाडणाऱ्यांशी भांडते, आणि उरलेल्या वेळात ड्रायव्हर लोकांशी. स्टँडवर पत्र्याची शेड मिळवली, त्या दिवशी आम्ही सगळ्यांना घरच्या माणसांसह चहाला बोलावलं. रेडिओची बायकोही आली होती. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. कुणीतरी सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?" त्यांनी तोंड उघडायच्या आत रेडिओनं उत्तर दिलं. "ती काय करणार? मी दिवसभर गाडी ओढतो, ती घरात बसून माझी वाट बघते. आरामाची नोकरी."

चारचौघं हसले. वहिनीही हसल्या. हसता हसता त्यांनी हातातला चहा शेडच्या खांबाशी ओतून दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बहिणीकडे गेल्या. चढापलीकडे गाव आहे, तिथे बहिणीचा शिवणकामाचा कारखाना, दवाखान्यांचे गणवेश शिवतात. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना पोळ्या करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि "येईन तेव्हा येईन" म्हणाल्या. आठवडे गेले. रेडिओ फोन करायचा. "जेवलात का? बरं. मशीनवर बसलेय, ठेवते." एवढंच.

रेडिओ गप्प झाला. सुरुवातीला पोरांनी खेचली, "सेल बदल रे." मग कुणी बोलेना. दोन घास खाऊन तो डबा बंद करायचा आणि पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत बसायचा. आणि त्याच सुमाराला गाडी तापायला लागली.

नेमका तेव्हा मेहुणीचा फोन आला. "भावजी, ती खोली बघतेय भाड्यानं. पहिल्या तारखेला जाईल. काय बोलायचं असेल ते त्याआधी येऊन बोला. एकदा कुलूप-किल्ली हातात आली की बाई मागे वळत नाही."

तो लगेच निघाला. चढाच्या पहिल्या वळणावर तापमानाचा काटा लाल. बॉनेटमधून वाफ. गाडी गार करून, बाटलीतलं पाणी ओतून परत आला. दुसऱ्यांदा निघाला, पुन्हा तेच.

"बसनं जा," मी म्हटलं.

"बसनं? ती म्हणेल, गाडी विकून खाल्ली का."

"म्हणू दे की."

"ताई, तुम्हाला नाही कळायचं. तिला पुढच्या सीटवर बसवून आणायचीय."

"आधी कधी बसवली होतीस?"

त्यानं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागला.

आमचा मिस्त्री म्हणजे हुशार आणि तेवढाच तिरसट. आधी त्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, काढला, उकळत्या पाण्यात टाकून बघितला. उघडत होता, तरी नवा बसवला. गावात गाडी ठीक चालली, चढावर परत तापली. मग पंख्यावर संशय. पंखा भिंगरीसारखा फिरत होता. तिसऱ्यांदा गाडी दारात बघून मिस्त्री म्हणाला, "तू माझ्याकडे राहायलाच ये. खाट टाकतो."

"मस्करी नको मिस्त्री. पहिली तारीख जवळ आलीय."

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "बरं. आता सगळं सोडून एकच बघू. पाणी जातं कुठे?"

मी तिथेच स्टुलावर बसले होते. मिस्त्रीनं तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल स्वच्छ, दुधाळ नाही. म्हणजे पाणी तेलात जात नव्हतं. सायलेन्सरमागे उकिडवा बसून धुराचा वास घेतला. पांढरा धूर नाही, गोडसर वास नाही. म्हणजे जळतही नव्हतं. रात्रभर खाली पुठ्ठा घालून ठेवला होता, तोही कोरडा. "थेंब पडत नाही, जळत नाही, मिसळत नाही. मग उडून जातंय का?" शेवटी त्यानं रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला आणि आत हवा दाबली. पंपावरचा काटा चढला. आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत बसलो. काटा हळूहळू, लाजत लाजत, खाली यायला लागला.

मिस्त्रीनं लांब दांडीचा आरसा आणि बॅटरी घेतली, पट्ट्यामागे डोकं घातलं आणि तिथेच थांबला.

"हा घे. पाण्याचा पंप. त्याच्या दांड्याजवळून पाझरतोय. गरम इंजिनावर थेंब पडतो आणि जागच्या जागी सुकतो. खाली काय येणार, कपाळ?" त्यानं स्क्रूड्रायव्हर घालून काहीतरी खरवडलं आणि रेडिओच्या तळहातावर ठेवलं. खपली होती. हिरवट, पांढरी, परत हिरवट, भिंतीवरच्या रंगाच्या पापुद्र्यासारखी.

"हे महिन्याभराचं नाही रे. वर्षं झालीत याला."

"मग इतकी वर्षं तापली कशी नाही?"

"तेच तुला विचारतोय. पाणी कोण घालत होतं?"

"कुणी नाही. मी तर झाकणही..."

"तू नाही, हे मला माहीत आहे. साधं पाणी घातलं असतं तर आत गंज चढला असता. आत स्वच्छ आहे. कुणीतरी रोज बघत होतं, आणि रीतसर कूलंट घालत होतं." मिस्त्री हसला. "घरात भूत पाळलंयस का?"

रेडिओ हसला नाही. खपली मुठीत धरून तो निघून गेला, गाडी तिथेच टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्या टेबलावर एक हिरव्या कूलंटचा कॅन आणून ठेवला. अर्धा भरलेला. सोबत तेलाची बाटली कापून केलेलं नरसाळं, आणि एक जुना रुमाल, हिरव्या डागांचा. गॅलरीत, धुण्याच्या बादलीमागे सापडलं म्हणाला. "ताई, मी दाढी करायचो तेव्हा ती गाडी पुसायला खाली जायची. मला वाटायचं, पुसतेय."

मला त्याचा राग आला होता, तसं मी बोलूनही दाखवणार होते. पण तो कॅन टेबलावर ठेवतानाही दोन्ही हातांनी ठेवत होता. मी चहा मागवला.

पंप बदलला, आणि पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी तो चढ चढून गेला. काटा मधोमध, जरासुद्धा हलला नाही. पुढचं त्यानं मला आल्यावर तुकड्या-तुकड्यात सांगितलं.

वहिनी कारखान्याच्या पायऱ्यांवर आल्या, गळ्यात मोजपट्टी तशीच. हा म्हणाला, "मला कळलं. कॅन सापडला."

"बरं झालं. सांडला नाही ना?"

"तू सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं होतं. पेट्रोल पंपावरच्या माणसानं मला दाखवलं, पाणी कमी होतंय, त्याच रात्री सांगितलं. तुम्ही बोलत होतात." मग त्यांनी गाडीकडे बघितलं. "पंप बदलला?"

"बदलला."

"मग आता घालायला कुणी लागणार नाही."

रेडिओनं पुढचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या सीटवर बसतेस? नुसती. चौकापर्यंत." वहिनी बसल्या. चौकापर्यंत गेल्या, परत आल्या. उतरताना म्हणाल्या, "खोली मी घेतेय. मला इथे बरं वाटतं. तुम्ही मुद्दाम येऊ नका, मला ओझं होतं. पण या बाजूचं भाडं आलं कधी, तर चहाला थांबा."

आणि हा शहाणा ते अक्षरशः पाळतो. मुद्दाम जात नाही. भाड्याची वाट बघतो. खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे, एवढं त्याला माहीत आहे. आत काय आहे ते माहीत नाही. मागच्या खेपेला कप दोन होते आणि एक नवा होता, हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

आमच्या स्टँडवर भाडं नंबरानंच जातं. हा नियम मी आणलाय, त्यासाठी गचांड्या सोडवल्यात. तो मीच मोडते. चढापलीकडचं गिऱ्हाईक आलं की मी नंबर बघत नाही, रेडिओला हाक मारते, आणि रांगेतला एकही ड्रायव्हर कुरकुरत नाही. पण त्या बाजूला जाणारी माणसं थोडी. आठवडेच्या आठवडे कुणी येत नाही, आणि तो गाडी पुसत बसतो.

म्हणून तुम्हाला सांगते. चढापलीकडे तुमचं कुणी असेल, मावशी असेल, अडकलेलं काम असेल, तर यंदा टाळू नका. स्टेशनबाहेर या आणि रेडिओची गाडी मागा. परतीचंही त्याच्याशीच ठरवा. तिथे पोचल्यावर तो एका खोलीचा जिना चढून जाईल. चहा संपेपर्यंत त्याला हाक मारू नका.