गोगलबाईंची माघार

समोर मॅडम आणि पाठ वळली की गोगलबाई. कॉलेजातलं हे नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तळ्यातल्या गोगलगायींवर उभा जन्म घालवलेल्या बाईला याहून मोठी पदवी कोण देणार?

त्यांचा एकच लेख नावाजला. गोगलगाय उन्हापेक्षा सावलीत लवकर वाढते, एवढंच त्यात होतं. पण ते एवढंच पाठ्यपुस्तकात गेलं, परीक्षेत ‘कारणे द्या’मध्ये आलं, आणि खरं कारण कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्या प्रश्नाला सगळ्यांना पूर्ण गुण मिळू लागले.

निवृत्तीनंतर बाईंनी काचेच्या टाक्या घरीच मांडल्या. “लोक निवृत्त झाले की प्रवासाला जातात,” नवरा म्हणाला, “आपल्याकडे गोगलगायीच मुक्कामाला आल्या.” बाल्कनीत अर्ध्या टाक्या उन्हात, अर्ध्या सावलीत. एक कुठेच मावेना, ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या पाठीशी सरकवली.

बाल्कनीतल्या सावलीत गोगलगायी लहानखुऱ्याच राहिल्या. फ्रिजमागच्या मात्र माहेरी आलेल्या लेकींसारख्या अंग धरू लागल्या. बाईंनी त्या पाण्यात बोट बुडवलं. पाणी कोमट होतं. बोट पाण्यात असतानाच त्यांना आठवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सावलीची जागा एकच होती, कोपऱ्यातली, जुन्या फ्रिजच्या पाठीला लागून. त्यांची ती प्रसिद्ध टाकी तिथेच असायची.

“ती सावली नव्हती हो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ऊब होती.”

“मग? गोगलगायींची काही तक्रार आहे का?”

तक्रार एका मुलीची होती. दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी. करणारी ही मुलगी बाईंना अधूनमधून फोन करायची. सावलीतल्या गोगलगायी काही केल्या वाढत नव्हत्या आणि तिचे मार्गदर्शक म्हणत होते, “छापलेलं चुकत नसतं, तूच चुकतेस.” निकाल लेखाशी जुळल्याशिवाय ते प्रबंधावर सही करणार नव्हते, आणि मुदत या वर्षअखेर संपत होती. बाईही तिला मोठ्या मायेने सांगत आल्या होत्या, “टाकी नीट धू, पाणी बदलून बघ.” आता त्यांना ते आठवलं आणि कानशिलं तापली.

त्यांनी संशोधनपत्रिकेला कळवलं की माझा लेख मागे घ्या. दोन दिवसांत संपादक स्वतः घरी हजर. हा त्यांचाच विद्यार्थी. पत्रिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नीतिनियम छापायची प्रथा त्यानेच पाडली होती.

“मॅडम, कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर?”

“फ्रिजने.”

त्याने चहाचा कप खाली ठेवला. “चेष्टा नको मॅडम. इतक्या लोकांनी तुमच्या लेखाचा आधार घेतलाय. माझा प्रबंध त्यावर उभा आहे.”

“तुझ्या गोगलगायी कुठे वाढवल्या होत्यास?”

“त्याच कोपऱ्यात,” तो पुटपुटला.

“‘चूक आढळल्यास लेखकाने निर्भयपणे कळवावी.’ तूच लिहिलंस ना?”

“कळवावी असं लिहिलंय. आम्ही छापू, असं कुठे लिहिलंय?” मग स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानावर पडल्यासारखा तो वरमला. “बरं, छापतो. पण सगळ्या लेखकांची संमती लागते. पहिलं नाव सरांचं आहे.”

सर म्हणजे त्या वेळचे विभागप्रमुख. विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लेखावर पहिलं नाव त्यांचं घालायची रीत होती. दारातून जाताना वडीलधाऱ्यांना पुढे करावं, तितक्या सहजतेने सगळे ती पाळत. प्रयोगशाळेत सर फक्त साहेबलोक पाहणीला आले की येत, नाकाला रुमाल लावून.

बाई त्यांच्या घरी गेल्या. सरांच्या बैठकीत मानपत्रांनी भिंत दिसत नव्हती.

“चूक? माझ्या संशोधनात?” सर खुर्चीत ताठ झाले. “बाई, या हातांनी वाढवल्यात मी त्या गोगलगायी!”

“मग सर, सावलीची टाकी कुठे होती?”

“कुठे म्हणजे? सावलीत!”

आतून सरांच्या बायकोचा आवाज आला, “अहो, घरातल्या कुंडीत गोगलगाय निघाली तेव्हा कॉटवर चढून बसला होतात तुम्ही!”

हसू दाबायला बाईंना पदर पुरला नाही. मग त्यांनी त्या मुलीची हकीकत सांगितली. फोनवर ती अलीकडे रडत नाही, नुसतं ‘हो मॅडम’ म्हणते, हेही सांगितलं. सरांनी खिशातलं पेन काढलं.

“सही करतो,” शेवटी ते म्हणाले. “पण चूक सर्वस्वी तुमची, असं स्पष्ट लिहायचं.”

“ती होतीच माझी, सर.”

“आणि शोध आम्हा दोघांचा होता, असंही.”

“कुठला शोध सर? तोच तर मागे घेतोय.”

“असू दे. तरी लिहा.”

बाईंनी लिहिलं. श्रेय दोघांचं आणि चूक एकीची, अशा थाटात ते निवेदन छापून आलं. जुन्या सहकाऱ्यांमध्ये कुजबुज झाली, “गोगलगाय अन् पोटात पाय! सरांना या वयात खाली बघायला लावलं.” एकीने तर पुढच्या स्नेहमेळाव्याचं बोलावणंच धाडलं नाही. पण तिकडे मार्गदर्शकांनी प्रबंधावर सही केली. वर मुलीला म्हणाले, “मला पहिल्यापासून शंका होतीच.”

मुलीने आपल्या निकालांवर लेख लिहून त्याच पत्रिकेकडे पाठवला. संपादकाने तो तपासायला बाईंकडेच धाडला. बाईंनी फोन लावला.

“अरे, मी कशी तपासू? या पोरीचं भलं व्हावं म्हणून मी जीव टाकतेय.”

“मग बरंच आहे की मॅडम, पटकन होईल!”

“पटकनच झालं होतं माझ्या लेखाचंही. ‘उत्तम, छापावा,’ एवढ्यावर आटोपलं. टाकी कुठे ठेवली होती, हे एकानेही विचारलं नाही. जिची माझी ओळख नाही आणि जिला आपला कुणाचाच मुलाहिजा नाही, अशी कुणीतरी शोध.”

त्याने शोधली. दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला, आवाज रडवेला. “मॅडम, लेख परत आला. पानंच्या पानं शेरे आहेत. पाण्याचं तापमान रोज का मोजलं नाही, विचारलंय. टाक्यांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा करा म्हणतायत. माझा सगळा उन्हाळा जाणार!”

“जाऊ दे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मुलगी रडायची थांबली. “अगं, तुझा लेख कुणीतरी वाचलाय!”