बुधीचा पहिला नंबर

अन्याय झाला तो बुधीवर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, सकाळी साडेअकरा वाजता, जव्हारच्या एका वाचनालयात, हॉलभर सुशिक्षित माणसांसमोर. चहा गरम होता, त्यामुळे कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

बुधी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत. ती पुस्तक वाचायची नाही, त्याची उलटतपासणी घ्यायची. पान उलटताना मोठ्याने विचारायची, "हे तुला कोणी सांगितलं? तू व्हतास का तिथं?" लेखक बिचारा गप्प. मग साक्षीला मला ओढायची.

वाचनालयाने एका कादंबरीवर निबंधस्पर्धा ठेवली. त्या कादंबरीतला माणूस लॉजवर जागा होतो, तर तिथल्या वहीत त्याच्याच अक्षरात परकं नाव. पुढे प्रत्येक गावात लोक त्याला वेगळ्या नावाने हाक मारतात आणि तो प्रत्येक हाकेला ओ देतो. खरा कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. मी वैतागून पुस्तक भिरकावलं. गावातले जाणकार म्हणाले, 'अस्तित्वाचा पेच आहे.' म्हणजे त्यांनाही कळलं नव्हतं. बुधीने ती तीनदा वाचली. "ह्याला काय झालं नाय गं," ती म्हणाली. "ह्याला सगळी कागदवाली माणसं भेटली, एवढंच."

निबंधात तिने लिहिलं: 'हा माणूस आमच्या पाड्यावर आला असता तर लोकांनी त्याला सगळ्या नावांनी हाक मारून भाकरीला बसवलं असतं. मी बुधवारी जन्मले म्हणून बुधी. पहिलीत गुरुजींना हे नाव बरं वाटलं नाही, त्यांनी वंदना लिहिलं. जन्मतारीख एक जून, कारण अख्ख्या वर्गाची एक जून. दोघींतली खरी कोण, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. या पुस्तकाने विचारलं, आणि मला रात्रभर झोप आली नाही.'

पहिला नंबर पुकारला गेला: बुधी. ती उठली. कार्यवाहांनी आधारकार्ड मागितलं, त्यावर वंदना. हॉलमध्ये कुजबुज. निवृत्त साहेब असलेल्या परीक्षकांनी तत्परतेने मोबाइलवर कॅलेंडर काढलं आणि जाहीर केलं, "त्या वर्षीचा एक जून बुधवार नव्हताच! निबंध खोटा आहे."

बुधी शांतपणे म्हणाली, "सर, तारीख शाळेची हाय. वार आईचा."

ओळखीवरच्या कादंबरीची स्पर्धा, आणि त्यात तोतयेगिरीचा ठपका! एवढा विनोद त्या कादंबरीकारालाही जमला नसता. नंबर दुसऱ्या मुलीला गेला. तिने प्रस्तावना शब्दशः उतरवली होती, पण तिची कागदपत्रं जुळत होती.

नंतर कार्यवाह मोठ्या मनाने म्हणाले, "बाळ, 'बुधी' हे टोपणनाव आहे असं लिहून दे. वार्षिक अंकात वंदना नावाने छापू, नंबरही परत देऊ." मी तिला कोपराने ढोसलं, सही कर म्हणून. हो, मीसुद्धा; एरवी गावभर हक्कांची पत्रकं वाटणारी मी.

"टोपणनाव वंदना हाय, साहेब," ती म्हणाली. "तसं लिहून देते."

तसं चालत नव्हतं. जूनमध्ये ती नर्सिंगला नाशिकला गेली. जाताना एसटीच्या खिडकीतून एवढंच म्हणाली, "तू मला सही कर का म्हणालीस गं?" गाडी सुटली. म्हणून आता हे पत्रक तुमच्या हातात देतेय.

वार्षिक अंक या महिन्यात छपाईला जातोय. तुम्ही वाचनालयाचे सभासद आहात, त्या दिवशी हॉलमध्येही होतात. हळहळ नको. उद्या सकाळी जा, कार्यवाहांच्या टेबलावर लेखी अर्ज ठेवा: निबंध छापा, पहिला नंबर लिहा, आणि खाली नाव 'बुधी'. पोच घेतल्याशिवाय उठू नका.