मुठीतलं शेपूट

प्रगतीला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. त्या रविवारी दुपारी ती सरावलीच्या पाड्यावर, आपल्या अंगणात बसून घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. तवा झाला, टोप झाले, एक लोटी तर तीनदा घासून झाली. तिची आई बारकी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, "कोणाला घासतेस गं एवढं?"

घासायचं होतं सरांना, नविन त्यांचं नाव. पण सर मसोलीला, आपल्या क्लासच्या हॉलवर, पंख्याखाली बसले होते आणि हाताशी फक्त लोटी होती.

प्रगती पंचवीस वर्षांची. मसोलीच्या एका फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि सुटली की तिथून चालत क्लासला. आधी कराटे शिकली, मग दोन वर्षं लाकडी तलवार. जपानी तलवारीला कताना म्हणतात हे पाड्यावर आता सगळ्यांना पाठ झालंय, कारण तिने ते सगळ्यांना ऐकवलंय. आपल्या पाड्यावरच्या पोरीला जपानी तलवारीचं काय पडलंय, असं तोंड वाकडं करून विचारणारेही पुष्कळ भेटले. हेच लोक दर रविवारी मैदानात क्रिकेट खेळतात. बॅट काय सरावलीत जन्मली होती?

यंदा दिवाळीनंतर सरांनी जाहीर केलं की मोठ्या मुलांची कापण्याची परीक्षा होणार. चटई गुंडाळून पाण्यात भिजवायची, खुंट्यावर उभी करायची आणि खऱ्या धारेच्या तलवारीने तिरकी कापायची. तलवार ज्याची त्याने आणायची. जो पास होईल त्याला तलासरीची नवी बॅच शिकवायला मिळेल, आणि त्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त मुली. ते ऐकलं आणि प्रगतीचं मन तिथेच अडकलं. ती स्वतः शिकायला गेली तेव्हा पहिले सहा महिने "ही टिकणार नाही" एवढंच ऐकत होती. तलासरीच्या पोरींनी ते ऐकू नये असं तिला फार वाटत होतं. तिला ती बॅच हवी होती, आणि तिच्याआधी एक तलवार हवी होती.

हातात दिवाळीचा बोनस, नऊ हजार. त्यात बसेल ते. दोन महिने ती चहाच्या सुट्टीत मोबाईलवर तलवारी बघत बसली. मैत्रिणी साड्या बघायच्या, ही पाती. बघता बघता तिला बरंच कळलं. चकचकीत स्टेनलेसचं पातं भिंतीवर टांगायला ठीक, कापायला लागलं की तुटतं. पहिल्या तलवारीला साधं कार्बन पोलाद बरं, त्याला तेल लावत राहावं लागतं पण ते मार खातं. नक्षी, ड्रॅगन, रेशमी गोंडे यांत घातलेला पैसा पोलादातून कमी होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पात्याचं शेपूट, मुठीच्या आत जाणारा भाग, ते जवळजवळ मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं. तिने एक शोधूनही ठेवली होती. काळी मूठ, काळं म्यान, दिसायला छत्रीसारखी. पण बनवणाऱ्याने मूठ काढून शेपटाचा फोटो टाकला होता.

सर म्हणाले, "क्लासमध्ये माझ्याकडचीच तलवार चालेल. बाहेरच्या मालाची जबाबदारी मी घेणार नाही."

सरांकडची होती लाल दोऱ्याची. मुठीजवळच्या चकतीवर ड्रॅगन, पात्यावर लाटेसारखी रेघ, किंमत साडेआठ हजार. बोनसमध्ये बरोब्बर बसणारी. प्रगतीने हातात घेतली आणि सवयीने विचारलं, "सर, मूठ काढून बघू का?"

हे विचारणं तिच्या रक्तातलं होतं. इकडे कोणी मुठीचं हत्यार विकत घेतच नाही. तलासरीच्या बाजारात, महालक्ष्मीच्या जत्रेत, लोहार पाती नुसती मांडून बसतो. कोयती असो, विळा असो, शेपूट उघडं. घेणारा आधी शेपूट बघतो, दगडावर आपटून आवाज ऐकतो, मग धारेकडे वळतो. मूठ आपली आपण घरी करायची, तिवसाच्या लाकडाची, शेपूट लाल तापवून त्यात ठोकायचं. प्रगतीचा बाप लहान्या चाळीस वर्षं डोंगरउतारावरचं गवत कापत आला. मूठ बसवलेला विळा कोणी विकायला आणला, तर तो त्याला हातही लावत नाही. आत काय लपवलंय कोणास ठाऊक, म्हणतो.

सरांनी मात्र तिच्या हातातून तलवार काढून घेतली. "तलवारीची मूठ उघडणं म्हणजे तिचा अपमान असतो. जपानमध्ये असलं कोणी विचारत नाही. हा काय आठवड्याचा बाजार आहे?"

दोनतीन जण हसले. प्रगतीचे कान गरम झाले. आपण बाजारातल्या बायांसारखं बोललो, असं तिला वाटलं, आणि त्या एका क्षणाच्या लाजेपायी तिने दोन महिन्यांचं शहाणपण गुंडाळून ठेवलं. लाल दोऱ्याची तलवार घेतली.

घरी आणली तेव्हा लहान्याने ती उन्हात धरून पाहिली. ड्रॅगनवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "शेपूट बघलास?"

"बाबा, ही काय तुझी कोयती आहे का?"

लहान्याने तलवार दोन्ही हातांनी परत तिच्या हातात दिली आणि सरावासाठी घरातल्या शिंदीच्या जुन्या चटया शोधायला गेला. त्यातली चांगली होती तीही त्याने दिली, बारकी ओरडत असताना.

तर त्या रविवारी सकाळी सराव. पहिला वार बरा गेला, दुसरा बरा गेला. तिसऱ्याला प्रगतीच्या हाताला एकदम हलकं लागलं. मूठ हातात होती आणि पातं नव्हतं. ते हॉलभर भिरभिरत गेलं आणि भिंतीशी, लहान मुलं चपला काढतात तिथे जाऊन खणखणलं. लहान मुलांची बॅच पाचच मिनिटांपूर्वी सुटली होती.

सगळ्यात आधी हलले ते सर. धावत गेले, पातं उचललं, टॉवेलात गुंडाळलं. पण प्रगतीने पाहायचं ते पाहिलं होतं. शेपूट बोटभर, आणि त्याला वेल्डिंगने चिकटवलेला एक बोल्ट.

"कोयत्याची सवय आहे ना हाताला," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तलवार चालवायची असते, जळणाची फाटी फोडायची नसतात. तू यंदा परीक्षेला बसू नकोस. आधी हात सुधार."

भांडी घासण्याचं कारण हे होतं.

बारकीला तिने सगळं सांगितलं. लहान्या ओट्यावर बसून ऐकत होता. त्याने तलवारीबद्दल काही विचारलं नाही. सर कोयत्याचं जे बोलले ते मात्र तिला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मूठ कुठाय?"

मूठ तिच्या पिशवीत होती. घाईघाईत सरांनी पातं उचललं, मूठ तिच्याच हातात राहिली होती. लहान्याने झाडूची एक काडी मोडली आणि मुठीच्या भोकात घातली. काडी चार बोटं आत गेली आणि अडली. त्याच्यापुढे सगळं भरीव लाकूड. त्याने काडी नखाने तिथे मोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"येवढ्यावर मी गवतपण नाय कापणार," तो म्हणाला.

प्रगतीला तेव्हा रडू आलं. तलवार गेली म्हणून नाही. "तुझी कोयती" असं आपण याला म्हणालो, म्हणून.

बुधवारी परीक्षेची माहिती द्यायला सरांनी पालकांना बोलावलं होतं. तलासरीहून नव्या बॅचच्या मुलींचे आईबापही आले होते. प्रगती मूठ, काडी, खिळा आणि हातोडी घेऊन गेली. सोबत लहान्या. त्याच्या कमरेला नेहमीप्रमाणे कोयती होती, कामावरून तो तसाच आला होता.

सर बोलायला उभे राहिले, तशी प्रगतीही उभी राहिली. "सर, माझं पातं का सुटलं ते मला सांगायचंय."

"तो विषय संपला."

"तुमचा संपला असेल."

तिच्या शेजारी तिच्याच बॅचची भारती बसली होती. पतपेढीत नोकरीला होती, तिनेही सरांकडूनच तलवार घेतलेली. प्रगतीने तिला विचारलं, "तुझी उघडू?" भारतीने सरांकडे एकदा पाहिलं, आपल्या लहान मुलाकडे एकदा पाहिलं. तो त्याच लहान बॅचमध्ये होता. तिने तलवार पुढे केली.

मुठीला एक बांबूची मेख असते, तिच्यावर सगळं पातं अडकलेलं असतं. प्रगतीने खिळा लावून ती मेख ठोकून काढली आणि मूठ ओढली. बोटभर शेपूट, बोल्ट. भारतीने तोंडावर हात ठेवला. मागून एकाने आपली आणली, मग आणखी एकाने. तीन तलवारी, तीन बोल्ट. एकावर तर गंज होता.

"हे जपानच्या परंपरेच्या विरुद्ध आहे!" सर ओरडले.

"जपानात लोहार आपलं नाव कुठे कोरतो, सर?" प्रगती थांबली नाही. "शेपटावर कोरतो. मी सोमवारी वाचलं. मूठ काढून कोणी बघणारच नसेल, तर शेपटावर नाव कोरायचं कशाला? तिथेही आमच्या बाजारासारखंच आहे. लोक शेपूट बघतात."

हॉलच्या टोकाला काळ्या स्टँडवर सरांची स्वतःची तलवार होती. परीक्षेत दाखवायची म्हणून. लहान्याने तिकडे हनुवटी केली. "ती बघू."

"तिला हात लावायचा नाही," सर म्हणाले.

"का?" तलासरीचा हिरू म्हणाला. त्याच्या दोन मुली बॅचमध्ये येणार होत्या. "आमच्या पोरी हिच्यासमोर उभ्या राहणार ना? बघू द्या."

सगळे सरांकडे बघत राहिले. कोणी उठलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. शेवटी सरांनी तलवार स्वतःच उतरवली. प्रगतीने मेख काढली, मूठ सरकवली. सरकवत गेली, सरकवत गेली, तरी शेपूट संपेना. मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं, जाड, काळपट, आणि त्यावर कोरलेलं नाव.

म्हणजे त्यांना माहीत होतं. स्वतःसाठी बघून घेतलं होतं, आणि पोरांच्या हातात बोल्ट दिले होते. वर कोयत्याला नावं ठेवली होती. प्रगतीचा संताप अनावर झाला. तिने मूठ परत बसवली, मेख ठोकून घट्ट केली आणि खुंट्यावर भिजवून ठेवलेल्या चटईपुढे जाऊन उभी राहिली. सरांनी अडवलं नाही. अडवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

पहिला वार अर्ध्यात रुतला. रागाने हात आवळला होता. मागे कोणीतरी चुकचुकलं. तिने पातं काढलं, श्वास सोडला. गवत कापताना बाप मूठ कशी सैल धरतो ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तशी धरली. दुसरा वार चटईतून असा गेला की वरचा तुकडा क्षणभर जागेवरच राहिला, मग तिरका घसरून खाली पडला.

तिने तलवार पुसली आणि मूठ पुढे करून सरांना दिली. "हात कोयत्याचाच आहे, सर."

सरांनी माफी मागितली असं कोणी समजू नये. पैसे परत द्यायला त्यांनी तीन आठवडे घेतले आणि अजून मसोलीत कोणी विचारलं, तर माल वरून खराब आला म्हणून सांगतात. तलासरीच्या पालकांनी मात्र बॅच वेगळी काढली, शाळेच्या पटांगणात, आणि शिकवायला प्रगतीला बोलावलं.

काळी तलवार मार्चमध्ये आली. प्रगतीने खोकं उघडलं, म्यानातून न काढताच ती लहान्यापुढे ओट्यावर ठेवली. शेजारी खिळा आणि हातोडी ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "आधी तू शेपूट बघ."