बाहेरून लावलेलं कुलूप

मुलांच्या पासपोर्टांची मुदत संपायला अजून वर्षाहून जास्त अवकाश होता. हे वाक्य त्या सुट्टीत माझ्या बायकोने इतक्यांदा म्हटलं, की आमची धाकटी ते पाढ्यासारखं घोकू लागली.

आम्ही तेव्हा मस्कतला राहायचो. म्हणजे मी एका कंपनीत हिशेबनीस होतो आणि बायको-मुलं माझ्या जिवावर, म्हणजे माझ्या व्हिसावर होती. सुट्टीला निघायच्या आधी ऑफिसातल्या एकाने मला घाबरवलं : पासपोर्टात पुरेशी मुदत उरली नसेल तर पुढच्या खेपेला मुलांचा व्हिसा वाढवून मिळत नाही. झालं! मी ठरवून टाकलं, मुंबईला जातोच आहोत तर तिथेच नवे करून घेऊ.

"अहो, पण अजून वर्ष आहे ना?"

"तुला त्यातलं कळत नाही. आपलं गाव आहे. आठवड्यात हातात पडतील."

अर्जाबरोबर जुने पासपोर्ट जमा करावे लागले. काउंटरच्या चौकोनी भोकातून ते पलीकडे गेले आणि मग माझी ट्यूब पेटली, की मुलांचा व्हिसाही त्यांच्यातच बसून आत गेला. आता नवे आल्याशिवाय मुलं हलणार नाहीत. मुलं हलली नाहीत तर बायको हलणार नाही. माझी रजा मात्र संपणार. आणि फार महिने मस्कतबाहेर राहिलं तर मुलांचा व्हिसा आपोआप बाद. "परत द्या" म्हणायला मी भोकात तोंड घातलं. कारकून म्हणाला, "आता पोलीस चौकशी होईल. घरी थांबा."

घरी थांबणं हीच खरी पंचाईत होती. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत गल्फचा माणूस उतरलाय ही बातमी दहिसर नाक्यापर्यंत गेलेली. ज्याला त्याला माझ्याकडून व्हिसा हवा. दोष माझाच. मस्कतला मला माझी मोडकी खुर्ची बदलून मिळत नव्हती, पण बोरिवलीत आलो की गॉगल लावून मी असा काही चालायचो, की शेख मला विचारल्याशिवाय पाणी पीत नसावा.

सगळ्यांत चिवट होता माझा दहिसरचा आतेभाऊ. संपात त्याची गिरणी बंद पडली ती पडलीच. तो येऊन गप बसायचा, चहा प्यायचा आणि उठताना एवढंच विचारायचा, "बघतोयस ना रे?"

"बघतोय ना, बघतोय," मी म्हणायचो. तीन सुट्ट्या मी हेच म्हणत होतो. त्याच्या डोळ्यांकडे मात्र बघत नव्हतो.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकांनी तोड काढली. "माझ्याकडे किल्ली द्या. भायरसून कुलूप लावतंय. कोण इलो तर सांगतंय, गेले मस्कताक!"

मला ती कल्पना झकास वाटली.

मग आम्ही आत आणि कुलूप बाहेर. काका सकाळी दूध देऊन कुलूप घालायचे आणि रात्रीच काढायचे. घरमालक असून मी आवाज न करता जगायला शिकलो. शिट्टी होते म्हणून कुकर बंद. खळखळतं म्हणून संडासची साखळी ओढायची नाही. पंखा कुरकुरतो म्हणून पंखाही नाही. मुलं घामाने निथळत फरशीवर पालथी पडून खाणाखुणांनी भांडायची. बाहेर आतेभावाची पावलं यायची, कुलूप हातात धरल्याचा बारीक आवाज व्हायचा आणि पावलं परत जायची. बायको माझ्याकडे बघायची. मी छताकडे.

"पोलीस आला तर?" तिने एकदा कुजबुजत विचारलं.

"पोलीस काय लपून राहतो? गणवेशातच येणार. काकांना कळेल की."

तो साध्या शर्ट-पँटमध्ये आला. दारावर थाप पडली. मी मुलांच्या तोंडावर हात ठेवले. खालून काका धावले.

"ते गेले रे बाबा मस्कताक. दाराक कुलूप दिसना नाय?"

"कधी गेले?"

"चार दिस झाले."

"मुलंपण?"

"सगळीच. आता हंय कोण रवणा नाय."

"बरं. मग पासपोर्टच्या चौकशीला तसंच लिहितो."

मी दारावर झेपावलो. "ओ साहेब! आहोत! आम्ही आहोत!"

बाहेरून काकांचा आवाज, जरा चिरका : "टेप असतलो. फॉरेनचो टेप तो, आपसूक वाजता."

"काका, दार उघडा! पोलीस आहेत!"

हा शब्द मी उच्चारायला नको होता. मी सोनंबिनं आणलंय अशी काकांना आधीपासून शंका होती. ते किल्लीसकट जिना उतरून जे गेले, ते थेट देवळात जाऊन बसले.

हवालदार गॅलरीत उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला. आम्ही चौघे गजांना धरून उभे.

"गजांपलीकडच्या लोकांचे जबाब पुष्कळ घेतलेत मी," तो म्हणाला, "पण त्यांना आम्ही कोंडलेलं असतं. तुमचं काय?"

त्याने खाली वाकून धाकटीला विचारलं, "बाळ, तू इथेच राहतेस ना?"

"नाही. आम्ही मस्कतला राहतो," ती टेचात म्हणाली. "इथे आम्ही फक्त लपतो."

"कुणापासून गं?"

"सगळ्यांपासून. अजून वर्ष होतं ना पण."

त्याने वही मिटली. ओळखीला दोन शेजारी लागतील म्हणाला. एक शेजारी देवळात होते. बाकीचे म्हणाले, आम्ही यांना कित्येक दिवसांत पाहिलेलं नाही. आणि ते खोटं नव्हतं.

हवालदार पुन्हा आला तो माझी रजा संपून गेल्यावर. मी एकटाच मस्कतला परतलो होतो. रिकाम्या घरात मी हवी तेव्हा साखळी ओढू शकत होतो, पंखाही लावू शकत होतो. मुलांची शाळा सुरू झाली आणि त्यांची दप्तरं माझ्यासमोर खुंटीला लटकत राहिली. व्हिसा बाद व्हायची तारीख जवळ येत होती आणि मला ऑफिसातून हलता येत नव्हतं.

एके दिवशी बायकोचा ट्रंक कॉल आला.

"पासपोर्ट आले!"

"कसे गं?"

"दार उघडं ठेवलं. शेजाऱ्यांनी आम्हाला बघितलं, हवालदाराला ओळख दिली. तुमचे आतेभाऊ आले. सगळं ऐकून आधी पोट धरून हसले. मग तेच रोज पासपोर्ट ऑफिसच्या रांगेत उभे राहिले. ऐका, मी त्यांना शब्द दिलाय."

"कसला?"

"कसला म्हणजे? तुमचा."

व्हिसा बाद व्हायला थोडाच अवकाश उरलेला असताना ती तिघं विमानातून उतरली. मुलं नव्या आणि जुन्या पासपोर्टांची जोडी छातीशी धरून धावत आली. बायकोने बॅगेतून आणखी एक पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. कोरा करकरीत, दहिसरच्या पत्त्याचा.

दुसऱ्या दिवशी तो खिशात घालून मी मॅनेजरच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिलो. शिपाई बाहेर आला.

"साब नहीं है. चले गये."

आत एसी घुमत होता. मग कुणीतरी हळूच, तोंडावर हात धरून खोकलं.

मी तिथल्या बाकावर बसून घेतलं.