अकरावं पान

बोरस्ते काकूंचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीत होतो. आमच्याकडे मोबाइल गेटवर जमा करावे लागतात, म्हणून त्यांनी ऑफिसच्या नंबरवर केला आणि शिपाई मला बोलवायला आला. "माधव, सर गेले रे. सकाळी चहा घेतला आणि गेले," एवढंच बोलल्या. मी "येतो" म्हणालो आणि परत जागेवर जाऊन बसलो. समोर तपासायला ठेवलेल्या बेअरिंगच्या रिंगा होत्या. ट्रेमधल्या उरलेल्या सगळ्या मी एकेक करून मापून पाहिल्या, त्यातली एक बाजूला काढली, आणि मगच उठलो. माणूस असा का वागतो कोण जाणे. त्याला आता दोन महिने होतील. बोरस्ते सरांवर लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून सांगणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. चांगलं चांगलं लिहिता येईल, त्याला काय लागतं? पण मला जे लिहायचंय ते चांगलं नाही, आणि ते सोडून दुसरंच लिहिलं तर सर जिथे असतील तिथून माझा कान धरतील.

सर मूळचे निफाडकडचे, द्राक्षवाले. भाऊ बागा सांभाळायचे, हे एकटे शिकले. नाशिकच्या कॉलेजात पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पन्नाशी उलटल्यावर, एक दिवस राजीनामा देऊन मोकळे झाले. म्हणाले, शिकवण्याच्या नादात विचार करायचा राहूनच गेला. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या घेतल्या आणि बाहेर पाटी लावली: सैद्धांतिक भौतिकी व गणित संशोधन संस्था. सरकारची मान्यता नाही, विद्यापीठाशी संबंध नाही, पदवी नाही, पगार नाही. ज्याला एखादा प्रश्न छळतोय त्याने यावं आणि फळ्यापुढे बसावं. खाली गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा, आणि आमच्या डोक्यावर खडू कुठला नि पीठ कुठलं ते ओळखू यायचं नाही. पालक बारावीच्या क्लासची चौकशी करत जिना चढून यायचे. सिंहस्थाच्या वर्षी तर एक अख्खं कुटुंब मुलीची पत्रिका घेऊन आलं. पंचवटीत गणित म्हणजे पत्रिकेचंच, दुसरं कशाचं असणार? सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, भावाकडून आलेली द्राक्षं पुढे केली आणि रामकुंडाजवळच्या एका गुरुजींचा पत्ता लिहून दिला. मागाहून म्हणाले, त्यांचंही काम आकाशाचंच की, फक्त त्यांना गिऱ्हाईक आहे.

कायमचे म्हणावेत असे आम्ही तिघंच. सर, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या पवार मॅडम, आणि मी... एम.एस्सी. होऊन पोटासाठी अंबडला चिकटलेला आणि दर शनिवारी सुट्टीला इथे पळून येणारा. संस्थेचा नियम एकच होता आणि त्याला अपवाद नव्हता. कुठलाही लेख बाहेर छापायला जाण्याआधी आपल्यापैकी दुसऱ्या कुणीतरी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पेन हातात घेऊन वाचायचा, आणि पटला तरच शेवटच्या पानामागे 'वाचले' असं लिहून सही करायची. सही नाही तर लेख नाही. माझा पहिला लेख सरांनी तीनदा परत केला. पहिल्यांदा चूक सापडली तेव्हा मला वाटलं, आता झापणार. तर हे खुर्चीतून उठले, चेहरा फुललेला, आणि तोंडात थेट गावची बोली: "आरं, हे तं लय भारी चुकलंय. आता मजा हाय." चार तास आम्ही फळ्यापुढे उभे होतो. काकूंनी दिलेला डबा तसाच राहिला. चूक सापडली म्हणजे उद्या उठून करायला काहीतरी आहे, असं सर मानायचे. हे मी बारा वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं, पण डोक्यात शिरलं नाही.

सरांचा स्वतःचा प्रश्न ऐकायला अगदी साधा. एका रांगेत गोळे ठेवलेत आणि शेजारच्या दोघांना जोडणारी एकेक स्प्रिंग. एका टोकाला हलकाच धक्का द्या. तो धक्का हळूहळू सगळ्या गोळ्यांत सारखा वाटला जाईल, की काहींकडेच कायमचा राहील? सरांचं म्हणणं, स्प्रिंगा एका विशिष्ट तऱ्हेच्या असल्या तर सारखी वाटणी कधीच होणार नाही. नऊ वर्षं ते त्याच्या मागे होते. गेल्या गणपतीत एका शनिवारी त्यांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं की सिद्ध झालं. त्याच पंधरवड्यात त्यांच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं आणि फार तर संक्रांतीपर्यंत, असं सांगितलं. काकूंनी ते फक्त मला सांगितलं. सरांना कुणी काही बोललं नाही, पण त्यांना काय कळायचं राहिलं असणार?

चाळीस पानं होती, सगळी हाताने लिहिलेली. पवार मॅडम तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी बाहेरगावी गेलेल्या, त्यामुळे वाचणारा मी एकटाच. घाई नाही, पण फार उशीरही करू नकोस, असं सर म्हणाले होते. चौथ्या दिवशी मी अकराव्या पानावर अडकलो. तिथे सरांनी आधी गोळ्यांची संख्या अनंत होऊ दिली होती आणि मग वेळ. त्याच्या पुढच्याच ओळीपासून त्यांनी हा क्रम उलटा धरला होता, कुठलंही आधी केलं तरी उत्तर तेच येणार असं समजून. येईलही कदाचित. पण ते सिद्ध केलेलं नव्हतं, आणि उरलेली सगळी पानं त्या एका ओळीवर उभी होती. दोन दिवस रजा काढून मी तिथे काही जुळतंय का ते पाहिलं. जुळेना.

आता सांगतो मी काय केलं ते. केसाएवढा फरक असला तरी रिंग बाजूला काढणारा माणूस मी, मग सुपरवायझर कितीही आरडाओरडा करू दे. त्या माणसाने शेवटचं पान उलटलं, 'वाचले' असं लिहिलं आणि सही ठोकली. म्हटलं, तीन-चार महिन्यांचा सोबती, सुखाने जाऊ दे. फार समजूतदार वाटलो मी स्वतःला. लाज वाटते आज ते आठवून. पानं परत द्यायला घरी गेलो तेव्हा सर खिडकीशी बसले होते. त्यांनी सही पाहिली, पानं मांडीवर ठेवली आणि थोड्या वेळाने विचारलं, "अकरावं पान नीट पाहिलंस?"

"पाहिलं, सर."

"काही वाटलं नाही तिथे?"

"नाही."

त्यांनी पानं जुळवून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मग संपलं म्हणायचं." मला तो सुटकेचा सूर वाटला. त्यांना तिथे शंका होती, ती माझ्याकडून त्यांना ऐकायची होती, हे इतकं उघड असताना मला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं... ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आठवड्याभरात लेख टाइप करून मी परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवूनही दिला.

पुढे मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. गोळे आणि स्प्रिंगा यांचा विषय निघत नसे. कंपनीचं कसं चाललंय, निफाडला थंडी किती पडली, बागांत शेकोट्या पेटवल्या का, असं काहीबाही विचारायचे. जन्मात कधी क्रिकेट न पाहिलेला माणूस मला स्कोअर विचारू लागला. परत निघताना मी मनाशी म्हणायचो, किती शांत झालेत सर. संक्रांतीचा तिळगूळ त्यांनी माझ्या हातून घेतला, आणि त्यानंतर आठवड्याने काकूंचा तो फोन आला.

तेरावं होऊन चार-पाच दिवस झाले असतील, तेव्हा लेखाचं उत्तर आलं. तिकडच्या तपासणाऱ्याने नेमकी तीच ओळ पकडली होती. क्रम बदलता येतो हे लेखकाने दाखवावं, दाखवता आलं तर काम मोलाचं आहे, असं त्याने लिहिलं होतं. काकूंना सांगायचं धैर्य गोळा करायला मला तीन दिवस लागले. शेवटी गेलो आणि सरांच्या खोलीत बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरलं नाही. काकू शाळेत मराठी शिकवायच्या, आमच्या गणितात त्यांनी कधी डोकं घातलं नाही. वाटलं होतं रागावतील. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

त्या सांगू लागल्या. मी सही करून गेलो त्या दिवसापासून सरांनी वही हातात धरली नव्हती. चाळीस वर्षं सकाळी उठल्या उठल्या वही मागणारा माणूस. काकू ती मांडीवर नेऊन ठेवायच्या, सर उचलून बाजूला ठेवायचे आणि समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी भरताना बघत बसायचे. काकूंना वाटायचं, दुखतंय. विचारलं तर म्हणायचे, दुखत नाही गं, काम उरलं नाही. आजाराने थकले असं समजून काकूंनी मलाही कधी काही सांगितलं नाही.

"ती चूक दुरुस्त करायला त्यांना किती दिवस लागले असते?" काकूंनी विचारलं.

मी म्हणालो, "सांगता येत नाही, काकू. वर्षभरही लागलं असतं. कदाचित कधी झालीही नसती."

"म्हणजे त्यांना पुरली असती," काकू म्हणाल्या.

त्या उठून आत गेल्या, चहा ठेवल्याचा आवाज आला, आणि मी सरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर तसाच बसून राहिलो. सुखाने जाऊ दे म्हणून मी त्यांच्या हातातलं शेवटचं काम काढून घेतलं होतं.

आता शनिवारी मी आणि पवार मॅडम संस्थेत जातो. अकराव्या पानाखेरीज दुसरं काही करत नाही. रविवारी मी काकूंकडे जातो. दार उघडताना त्या विचारतात, सुटलं का? मी नाही म्हणतो. "बरं," म्हणतात, आणि मला आत घेतात.