शंभर रुपये कमी करावेत

तळोद्याला आदिवासी विकासच्या कचेरीसमोर डोंगरातल्या गावांच्या जीपा लागतात. तिथल्या टपरीवर मी चहा घेत उभा होतो. ओळखीचा एक ड्रायव्हर शेजारी येऊन उभा राहिला, त्याने ग्लास हातात घेतला, दोन घोट घेतले आणि म्हणाला, "सर, तुमना दामजीभाऊ गयात."

"कवय?"

"आज सकायले."

मग त्याने उरलेला चहा संपवला आणि अक्कलकुव्याच्या सवाऱ्यांना हाका मारू लागला. आयुष्यभराच्या मित्राची बातमी मला अशी, भरत आलेल्या जीपच्या बाजूला मिळाली. दामजीला हे चाललं असतं. कोणी गेलं की लोक माईक शोधतात, याचा त्याला फार कंटाळा होता. दोन वेळा निवडून आलेला माणूस, पण शोकसभेत बोलायची वेळ आली की हा मागच्या दाराने पसार. आता त्याच्यावर मी लिहितोय म्हटल्यावर तो काय म्हणाला असता, याचा अंदाज आहे. तरी लिहितो.

धुळ्याला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. मी धानोऱ्याचा, कापूस-केळीवाल्या गुजर घरातला. तो सातपुड्यातला, घरी भिली बोलणारा. माझ्याशी अहिराणीत बोलायचा, आणि पुस्तकातली मराठी परीक्षेपुरती ठेवायचा, जशी माणसं लग्नाचा कोट ठेवतात. पुढे मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागलो आणि तो आमदार झाला. अर्थशास्त्र मी शिकवलं, अर्थसंकल्प त्याने वाचला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. अर्थसंकल्प मांडून झाला की तो मुंबईहून त्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन माझ्याकडे यायचा, ओट्यावर पसरायचा आणि बोट ठेवून विचारायचा, हा पैसा कोणत्या गावापाशी जाऊन थांबतो? मी त्याला तुटीचा सिद्धान्त सांगायचो, आणि तो मान हलवत शांतपणे पुढचं पान उलटायचा.

सभागृहात अर्थसंकल्प मांडतात त्या दिवशी बसायला जागा नसते. नंतर एकेका खात्याच्या मागण्यांवर चर्चा सुरू होते, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर बाकं ओस पडतात. दामजी तेव्हा बोलायचा. मी दोन-तीनदा प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकलं आहे. आवाज चढवायचा नाही, शेर नाही, कविता नाही. कोणता रस्ता कोणत्या पाड्याच्या अलीकडे संपतो, दवाखान्याची इमारत आहे पण वाट नाही, एवढंच. एकदा एक ज्येष्ठ सदस्य वैतागून म्हणाले, नर्मदेकडचे सन्माननीय सदस्य आता आपल्याला एकेक नाला ओलांडायला लावणार. दामजी म्हणाला, "लावतो, पण पाणी उतरल्यावर." सभागृह हसलं. तो हसला नाही, कारण त्याच्या डोक्यात खरोखरच एक नाला होता.

तो नाला आंबापाड्याचा. पावसाळा लागला की पाड्याचा रस्त्याशी संबंध तुटायचा. आजारी माणूस असो की बाळंतीण, झोळी करून न्यायची, आणि पाणी असेल तर अलीकडे-पलीकडे नुसतं बघत बसायचं. लोकांनी दामजीकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. पूल, बस्स.

आता सभागृहाची एक गंमत सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या सदस्याला तिथे कोणत्याही खात्याचा पैसा वाढवून मागता येत नाही. तो अधिकार सरकारचा. सदस्याला फक्त कमी करा असं म्हणता येतं. म्हणून ज्याला आपल्या भागाचं गाऱ्हाणं मांडायचं असतं तो लेखी कपात सूचना देतो, की या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत. त्या शंभराच्या खुंटीवर तो आपलं गाऱ्हाणं टांगतो, मंत्री उत्तर देतो, जमलं तर आश्वासन देतो, आणि सूचना मागे घेतली जाते. शंभर रुपये कुठेच जात नाहीत. दामजीने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. "वाढाईसन मांगता येत नही मास्तर. घटाडा म्हनो, तवय बोलू देतस."

आंबापाड्याच्या पुलासाठी त्याने अशीच सूचना दिली. मंत्र्यांनी बघू म्हटलं. आणि एका स्थानिक पेपरात छापून आलं की आमदारांनी रस्ते-पुलांच्या तरतुदीत कपात सुचवली आहे. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. त्यांनी कात्रणाच्या झेरॉक्स काढल्या आणि हाटाच्या दिवशी वाचून दाखवल्या. खोटं एक अक्षर नव्हतं. खाली दामजीचं नाव होतं.

आंबापाड्याच्या पंचांनी त्याला बोलावलं. आमदाराला बोलावतात का, असं त्याचे कार्यकर्ते म्हणत होते, पण तो एकटा गेला. त्या पाड्याची रीत अशी की पंचांसमोर आधी हो की नाही ते सांगायचं. कारण नंतर, आणि पंचांनी विचारलं तरच. पंचांचा म्होरक्या असलेल्या कारभाऱ्याने विचारलं, कमी करा असं तू लिहिलंस? दामजी हो म्हणाला. मग कारण विचारलं, तेव्हा त्याने सगळं समजावून सांगितलं, अगदी हाटातल्या घासाघिशीसारखं, की गिऱ्हाईक पाय उचलतं तेव्हाच दुकानदार मागे बोलावतो. कारभाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आम्हाला पाणी पाहिजे असलं की आम्ही पाणीच मागतो. पंचांनी बोल लावला. बोल लागलेल्या माणसाने बोलावणं येईपर्यंत पाड्यात पाय ठेवायचा नाही. हे सगळं दामजीने मला नंतर सांगितलं, आणि वर म्हणाला की कारभाऱ्याचं बरोबर होतं... मुंबईतल्या इतक्या हुशार माणसांना ही सरळ गोष्ट सुचली नाही.

निवडणूक पुढच्या वर्षावर आली होती. मी त्याला व्यवहाराचा सल्ला दिला, "सांगी दे ना, पीएनी चूक व्हयनी."

"सही मन्ही शे," तो म्हणाला. "त्याना नाववर मी कशाले ढकलू?"

बरं, निदान पुढच्या अधिवेशनात तरी गप्प बस, असं मी म्हटलं. मंत्र्यांचं 'बघू' हवेत विरलं होतं. पूल हवा असेल तर पुन्हा तीच सूचना देणं एवढा एकच रस्ता त्याच्या हातात होता, आणि ती दिली की मतं जाणार हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याने दिली. मजकूर तोच, शंभर रुपये कमी करावेत. या वेळी तो अर्धा तास बोलला, आणि मंत्र्यांनी उठून सभागृहात आंबापाड्याचं नाव घेऊन आश्वासन दिलं. पावसाळी अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत पुलाची रक्कम आली. दामजी पडला. आंबापाड्यातून त्याला जवळजवळ एकही मत मिळालं नाही. पूल नव्या आमदाराच्या काळात झाला, दगडावर त्यांचं नाव आहे, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. उद्घाटनाला जो आमदार असतो त्याचंच नाव दगडावर घालतात.

त्या पराभवाबद्दल तो माझ्याशी कधी फारसं बोलला नाही. मी चिडायचो. इतका कसला ताठा, जा, एकदा बघून तरी ये, असं म्हणायचो. तो म्हणायचा, बोलावणं येऊ दे. मला वाटायचं हा हट्ट आहे. जुन्या मित्रांविषयी आपली मतं फार लवकर पक्की होतात.

बातमी कळल्यावर चार-पाच दिवसांनी मी त्याच्या घरी बसायला गेलो. तळोद्यापासून जवळच, पायथ्याला त्याचं घर आहे. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. थोड्या वेळाने आंबापाड्याची जीप आली. आठ-दहा माणसं उतरली, त्यात तो कारभारी होता. आता फार म्हातारा झालेला, सोबतच्या माणसाचा खांदा धरून चालणारा. मग तो मोडक्या अहिराणीत मला म्हणाला, "बोल कवयच उतरना व्हता सर. पूल व्हयना तवयच. पन आमदारले बलावाले कोन जाई? इतला मोठा मानूस. आम्हले वाटे, येतीन."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "जायेत ना. हाटना दिवसले जायेत. पूलना अलीकडना कठडावर बठेत, न परत येयेत."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"देखूत आम्ही," कारभारी म्हणाला. "पलीकडथून दिखे. वाटे, आज येतीन."

मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

मागच्या हाटाच्या दिवशी मी तिकडे गेलो. पूल लहानसाच आहे, सिमेंट जागोजागी उडालेलं, खाली कोरडा नाला. अलीकडच्या कठड्याचा एक भाग बसून बसून गुळगुळीत झाला आहे. मी तिथे टेकलो. पलीकडे एका झोपडीच्या अंगणात एक बाई धान्य पाखडत होती. तिने वर पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि हात वर करून मला बोलावलं. तिला मी कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी उठलो आणि पूल ओलांडून पलीकडे गेलो.