स्वेटरसकट वजन

कुर्डूवाडी स्टेशनवर अण्णांनी माझी बॅग सीटखाली तीनदा ढकलली आणि तीनदा बाहेर काढली. साखळी नीट बसत नव्हती म्हणे. आई खिडकीशी उभी. रडायचं नाही असं आम्ही दोघींनी बार्शीतून निघतानाच ठरवलं होतं. तिनं ते पाळलं, मी नाही. गाडी हलली तशी ती दोन पावलं बरोबर चालली आणि म्हणाली, "चादर वरच ठेवलीय गं. दिल्लीत थंडी असते म्हणतात." कोरी सोलापुरी चादर. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायाशी पडलेली चादर अंगावर ओढायची, एवढंच. तिच्या मते दिल्लीचा बंदोबस्त झाला होता. अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, बोलायला मोजकेच. "पोचलीस की फोन कर," म्हणाले आणि लगेच पाठ फिरवली.

हे मी मागं राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि आमच्या नर्सिंग कॉलेजातल्या त्या पोरींसाठीही, ज्या दर वर्षी फोन करून विचारतात, "ताई, दिल्लीचा फॉर्म भरू का?" भरा की. कोण नको म्हणतंय? पण माझं काय झालं ते आधी ऐका.

मी इथं एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांच्या ओपीडीत आहे. सहा वर्षं झाली. इथं नर्स म्हटलं की केरळची, नाहीतर राजस्थानची. मराठी म्हटलं की "अच्छा, बंबई से हो?" बार्शी सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि विषय बदलतो. बार्शीत मात्र सगळ्यांना वाटतं मी दिवसभर सुया टोचते. अहो, सुई किती वेळ चालते! ओपीडीतली नर्स खरी उभी असते ती काट्यापाशी. लेकरू आलं की आधी वजन, मग उंची, ताप, कार्डावर नोंद, आणि मग डॉक्टर. डॉक्टरांसमोर सकाळपासून शंभर लेकरं. ते कार्डावरची रेघ बघतात. रेघ वर चाललीय म्हणजे बाळ वाढतंय. औषधाचा डोससुद्धा वजनावर ठरतो. म्हणजे मी काट्यावर जे वाचलं त्यावर पुढचं सगळं उभं.

पहिली दोन वर्षं मी लक्ष्मीबाई नगरात शबाना काकूंकडे राहिले. काकू मूळच्या उदगीरच्या, काका केंद्र सरकारच्या नोकरीत. आईच्या ओळखीतून सोय झाली. डिसेंबरात मी चादर अंगावर घेऊन कुडकुडत बसलेली बघून काकू कमरेवर हात ठेवून हसल्या. "ही चादर? दिल्लीत? अगं, हिची घडी घालून ठेव, उन्हाळ्यात काढू." मग त्यांनी मला करोल बागेत नेऊन आतून घालायची गरम बनियन, दोन स्वेटर आणि एक जाकीट घेऊन दिलं. ते सगळं चढवून मी मेट्रोत बसले की हात खाली येत नसत. आरशात बघून मलाच हसू यायचं. तरी थंडी वाजायचीच. हाडात शिरायची हो. हॉस्पिटलच्या त्या फरशीवर उभं राहून पाय लाकूड व्हायचे.

त्याच हिवाळ्यात परी यायची. तिची आई सुनीता, पानिपतची, ब्लँकेटच्या गिरणीत कामाला. परी अपुऱ्या दिवसांची, आमच्याच हॉस्पिटलात जन्मलेली, म्हणून दर महिन्याला दाखवायला आणायची. सुनीता पहाटेची गाडी पकडून यायची आणि रांगेत पहिल्या दहात असायची. ऑक्टोबरात परी चार महिन्यांची, पातळ फ्रॉकमध्ये, वजन बरोबर पाच किलो. डिसेंबरात आली ती गाठोडं होऊन. आतून बनियन, त्यावर आजीनं गिरणीच्या जाड लोकरीचे विणलेले दोन स्वेटर, पायजमी, मोजे, टोपडं. नियम स्पष्ट आहे. कॉलेजात पाठ केला होता. तान्ह्या बाळाचं वजन कपडे काढून करायचं.

मी कपडे काढायला सांगितलं. सुनीतानं बाळ छातीशी धरलं. "ना जी, ठंड लग ज्यागी इसने." आणि मला तिची दया आली. खरं सांगायचं तर माझीच मला आली. मी एवढं सगळं चढवून थरथरत होते, ह्या एवढ्याशा जिवाला उघडं कसं करू? म्हटलं, जाऊ दे. स्वेटरसकट ठेवलं काट्यावर, कपड्यांचे म्हणून अंदाजे पाव किलो वजा केले आणि आकडा लिहिला. आमच्या बार्शीत लेकराच्या कपड्यांचं वजन असून असून किती असणार? एक झबलं आणि एक लंगोट. माझ्या डोक्यात तेच माप बसलेलं.

डिसेंबरात रेघ थोडी वर. जानेवारीत आणखी वर, कारण तोवर आजीनं तिसरा स्वेटर विणला होता. थंडीनं गाल लालबुंद, त्यामुळे बाळ कसं टवटवीत दिसायचं. डॉक्टरांनी स्वेटरखाली हात घालून छाती तपासली, कार्ड बघितलं, म्हणाले, "बढ़िया." मी सुनीताला म्हटलं, बघ, किती छान वाढतेय. ती खूश होऊन पानिपतला परत गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदम ऊन तापलं. सुनीता आली ती परीला नुसत्या फ्रॉकमध्ये घेऊन. मी बाळ हातात घेतलं आणि माझ्या हाताला कळलं. काट्यावर ठेवलं. चार किलो नऊशे. आठ महिन्यांची पोर, आणि चार महिन्यांची असतानापेक्षाही कमी. मी काटा बदलला. तोच आकडा. फ्रॉक वर केला तर फासळ्या मोजता येत होत्या, मांड्यांची कातडी सैल लोंबत होती. पोर रडतसुद्धा नव्हती.

डॉक्टरांनी कार्ड बघितलं, मग माझ्याकडे. "ये वेट किसने लिया था?" मी म्हटलं, मैंने. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की तीन महिने आपण हिला उपाशी बघत होतो आणि बढ़िया म्हणत होतो. परीला लगेच भरती केलं. विचारल्यावर उलगडलं, सुनीता कामावर गेली की घरी दुधात निम्मं पाणी घालून देत होते, पोरीला पचायला हलकं जावं म्हणून. कुणाच्या मनात पाप नव्हतं. पण जानेवारीत मी खरं वजन लिहिलं असतं तर तेव्हाच कुणीतरी विचारलं असतं, पोर काय पिते?

दुपारी मी बाहेरच्या बाकावर बसून अण्णांना फोन लावला. म्हटलं, मी परत येते. मला हे जमत नाही, इथलं मला काही कळत नाही, माझ्यामुळे एखादं लेकरू जाईल. अण्णा म्हणाले, "ये की. घर तुझंच आहे. पण ती पोरगी उभी राहिल्यावर ये. तिला तशी टाकून आलीस तर इथली भाकरी तुला गोड लागायची नाही."

मग मी राहिले. रोज ड्युटी संपली की वॉर्डात जायचे. सुनीताला वाटायचं ही सिस्टर किती मायाळू! ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाचव्या दिवशी मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. रेघ खोटी होती. मी कपडे काढायला हवे होते, ते माझं काम होतं, मी केलं नाही. मग तिनं तोंड फिरवलं आणि रडायला लागली. मी उठून जाणार तेवढ्यात म्हणाली, "स्वेटर तो मैंने ही पहनाए थे, सिस्टर जी." थोड्या वेळानं रागानं म्हणाली, "पर आप डाँट देतीं ना मन्नै. डाँटा क्यूँ नहीं?" माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

परी तीन आठवडे भरती होती. पहिले सहा दिवस आकडा जागचा हलला नाही. सातव्या दिवशी तीस ग्रॅम वाढले. तीस ग्रॅम हो! मी वॉर्डाच्या सिस्टरच्या गळ्यातच पडले. घरी जाताना परी साडेपाच किलोची होती, आणि तो आकडा उघड्या अंगाचा होता.

पुढच्या हिवाळ्याच्या आधी मी आमच्या इन्चार्ज सिस्टरच्या मागं लागून काट्याच्या कोपऱ्याला पडदा आणि हीटर लावून घेतला. कागदपत्रांत चार महिने गेले. आता मी आधी हीटरपाशी गरम केलेली चादर काट्यावर टाकते, काटा शून्यावर आणते आणि लेकराला त्यात उघडं गुंडाळून ठेवते. आया भांडतात. मीही भांडते. "बिल्कुल नहीं, सब उतारो." काढलेले कपडे वेगळे काट्यावर ठेवून दाखवते. किलोच्या वर आकडा दिसला की आया तोंडाला पदर लावून हसतात आणि मुकाट्यानं पुढचं बटण काढतात. नव्या सिस्टर मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

मागच्या महिन्यात सोलापूरकडे एक जागा निघाली. अण्णांनीच शोधून काढली, फॉर्मसुद्धा पाठवला. दोन दिवस तो माझ्या टेबलावर होता. आई आता गुडघ्यांनी हैराण, अण्णा निवृत्त, आणि मी एकुलती एक. मनात काय काय आलं असेल ते तुम्हीच समजा. तिसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, अण्णा, मी भरत नाही. म्हटलं, तिकडच्या लेकरांना बघायला तिकडच्या सिस्टर आहेत. इथं मी चुकून चुकून शिकलेय, आणि थंडी पुन्हा तोंडावर आलीय.

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतेय ती? येतेय ना?" अण्णा तिला म्हणाले, "नाही. आपण जायचंय." आणि मग मला, "कधी येऊ?"

बार्शी माझी आहे आणि मरेपर्यंत राहील. पण ज्या गावात माझ्या हातून एक लेकरू जाता जाता राहिलं, त्या गावाला मला आता परकं म्हणता येत नाही. अण्णांना म्हटलं, डिसेंबरात या. आणि आईला सांगा, कपडे कोणते घालायचे ते ह्या वेळी मी सांगणार.